डाव्या सीटवरचा डायवर

आमच्या धंद्याला धड नाव नाही. महाडला हायवेच्या कडेला माझं दुकान होतं, आणि पाटीवर 'हुड, कुशन व ताडपत्री' असं लिहिलेलं होतं. पण गिऱ्हाइकांनी मला कधी हुडवाला म्हटलं, कधी कुशनवाला, आणि माझ्या सासऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत शिंपी म्हटलं. "गाड्यांचा का होईना, शिंपीच ना तो?" असं ते लग्नकार्यात माझ्यादेखत सांगायचे. आता दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी गळ घातली, "इस्माईलभाई, तुमच्या आठवणी लिहा, पण गाड्यांच्या लिहा, कापडाच्या नकोत." मी होय म्हटलं. पण शिंप्याला सदऱ्याच्या आतला माणूस जेवढा कळतो तेवढीच मला गाडी कळते, तेव्हा थोडं कापड येणारच. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

महाड हे हुडवाल्यासाठी देवानं नेमून दिलेलं गाव आहे. आमच्यात अल्लाहनं म्हणतात, पण पाऊस दोघांचाही तोच. सावित्री आणि गांधारी एकदा भरून आल्या की बाजारपेठेत होडी चालते, आणि वरून कोसळणारं पाणी तिरपं, आडवं, कधी कधी खालून वरही येतं. अशा गावात रिक्षाचा हुड, जीपचा हुड आणि टेम्पोची ताडपत्री शिवणाऱ्याला उपाशी मरायचं म्हटलं तरी जमत नाही. लोकांना वाटतं हुड म्हणजे कमानींवर कापड ताणलं की झालं. तसं केलं तर पहिल्याच पावसात कापड आखडतं आणि टिचबटणं एकमेकांकडे लांबून बघत बसतात. म्हणून कोरं कॅनव्हास आधी भिजवायचं, वाळवायचं, मग कापायचं. शिवून झालं की शिवणीवरून मेण फिरवायचं, कारण गळतं ते कापड नव्हे, सुईनं पाडलेली भोकं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माप घेताना मालकाला गाडीत बसवायचं. रिकाम्या गाडीचं माप घेऊन शिवलेला हुड पुढे माणसाच्या टाळूला टेकतो. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं, आणि याच सवयीमुळे पुढची सगळी भानगड माझ्यापर्यंत आली.

थंडी पडली की मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या काही चमत्कारिक गाड्या दुकानासमोरून जायच्या. जुन्या, विलायती, दोघांपुरत्या, जमिनीला चिकटलेल्या. छप्पर नाहीच, असलं तर नावापुरतं. आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. आणि वजन असं काही नाहीच. एकदा अशीच एक गाडी माझ्या दुकानापुढे गटारात गेली. मी क्रेनवाल्याला बोलवायला निघालो, तोवर समोरच्या हॉटेलातल्या चार गड्यांनी ती उचलून रस्त्यावर ठेवली आणि जाऊन आपापला चहा प्यायला बसले. मालक खूश. मला म्हणाले, "पाहिलंत? सगळं सौंदर्य या हलकेपणात आहे." ज्यांनी उचलली त्यांचं सौंदर्याबद्दल काय मत आहे, हे कोणी विचारलं नाही.

सीट उसवली, हुड फाटला की ही मंडळी माझ्याकडे थांबत. मी मशीनवर, ते स्टुलावर, आणि मग आठवणी सुरू. गाडी कुठे कुठे बंद पडली हे ते अशा कौतुकानं सांगत, जसं आपण पोराच्या बाळपणीच्या खोड्या सांगतो. खंबाटकीत धूर निघाला, काय मजा आली. कशेडीत ब्रेक गेला, काय मजा आली. एक गृहस्थ वारा, मोकळं आकाश आणि स्वातंत्र्य यांवर बराच वेळ बोलले. त्यांच्या डाव्या सीटवर त्यांची पत्नी बसून आली होती. डोक्याला ओढणी गच्च बांधलेली, नाक लाल, मांडीवर गाडीतल्या हत्यारांची पिशवी. गृहस्थ तोंड धुवायला नळावर गेले तेव्हा बाईंनी मला हळूच विचारलं, "इथून पुढे एस्टी मिळेल का हो?"

तेव्हापासून माझं मत झालं की या गाड्यांची खरी आठवण ऐकायची असेल तर उजव्या सीटवरच्या माणसाला गप्प करून डावीकडच्याला विचारावं. पण डावीकडच्याला विचारायला आपल्याकडे सहसा कोणाला फुरसत नसते.

धोंडीरामभाऊ माझ्या दुकानात आले तो माघ महिना होता. पोलादपूरच्या पुढे महाबळेश्वरच्या रस्त्याला कापडे गाव आहे, तिथले हे. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, बोलणं खालच्या आवाजात. हे मुंबईला डायवर होते, हे मला आधीच ऐकून ठाऊक होतं. आणि त्यांची ती लाल गाडी तर पोलादपूर तालुक्यात सगळ्यांनाच ठाऊक होती.

झालं होतं असं, की दादरला दातांचे एक डॉक्टर होते. धोंडीरामभाऊ उभी हयात त्यांच्याकडे नोकरीला. डॉक्टरांकडे दोन सीटांची लाल विलायती गाडी, आणि तिच्यावर त्यांचा जीव. ते वारले, मुलगा परदेशात, आणि मरताना सांगून गेले होते की गाडी धोंडूला द्या. धोंडूनं नको म्हणायला हवं होतं, पण मेलेल्या माणसाला नको कसं म्हणणार? शेवटी महाबळेश्वरला मोकळ्या परतणाऱ्या स्ट्रॉबेरीच्या ट्रकमधून गाडी कापड्यात आली. गावच्या गड्यांनी पेंढ्याचा भारा उतरवावा तशी ती खाली घेतली आणि बांधावरून उचलत नेऊन गोठ्यात ठेवली. तेव्हापासून वर्षभर ती म्हशीशेजारी उभी होती. टपावर कोंबड्या बसायला टपच नव्हता, म्हणून त्या आत सीटवर बसत.

"हुड शिवायचा हाय," धोंडीरामभाऊ म्हणाले. "शिमग्याच्या आत पायजे."

"शिमग्यात कुठला पाऊस?" मी विचारलं.

"धूळ असते ना."

"बरं. खिडक्या केवढ्या ठेवू?"

"खिडक्या नकोच. म्हंजे ठेवा, पन बारक्या. अन् ते प्लाष्टिक असं घाला का आतून भायेरचं दिसंल, पन भायेरून आतलं काय दिसाय नको."

मला हसू आलं. लग्न झालेल्या नवऱ्यामुलाच्या गाडीला लोक असली मागणी करत, पण साठीचा माणूस शिमग्याला असलं काही मागतो हे नवीन होतं. तरी धंदा तो धंदा. मी मोजपट्टी घेतली, एस्टी धरली आणि कापड्याला गेलो.

गोठ्यात गाडी पाहिली आणि खरं सांगतो, माझाही जीव जडला. कोंबड्यांनी केलेली घाण सोडली तर नवरीसारखी होती. पत्रा इतका चकचकीत की म्हैस त्यात स्वतःला बघत उभी होती. वर्षानुवर्षं कोणी तरी ती पुसली होती, नुसती पुसली नव्हती, न्हाऊमाखू घातली होती. मी कमानी पाहिल्या, कापडाचा अंदाज घेतला आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "बसा भाऊ, माप घेतो."

धोंडीरामभाऊ दार उघडून डावीकडे बसले.

"तिकडे नाही हो, स्टेअरिंगला बसा."

ते उतरले, वळसा घालून आले, उजवीकडे बसले. हात मांडीवर ठेवले. पाय जवळ घेतले आणि मग खाली वाकून पाहिलं, की पाय ठेवायचे कुठे. मी आयुष्यभर डायव्हर लोकांना गाडीत बसवून मापं घेतली आहेत. झोपेत बसवला तरी डायव्हरचा पाय क्लच शोधत नाही, तो तिथे गेलेलाच असतो. मी मोजपट्टी खाली ठेवली.

"धोंडीरामभाऊ," मी विचारलं, "तुम्हाला गाडी येते ना?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "नाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टर गाडीच्या स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. धोंडीरामभाऊंचं काम दवाखाना झाडणं, गाडी पुसणं आणि डॉक्टर फिरायला निघाले की डावीकडे बसणं. बसायचं ते हवा खायला नव्हे. गाडी बंद पडली की उतरून ढकलायला माणूस लागतो म्हणून. आणि ती गाडी पडायचीच बंद.

"लगीन ठरलं तवा आमच्या मामानं पोरीवाल्यांना सांगितलं, पोरगा मुंबईला गाडीवर हाय," ते म्हणाले. "खोटं नव्हतं ते. पन लोकांनी डायवर धरला. मंग मी बी तसाच ऱ्हायलो."

"पण शिकून का नाही घेतलीत? एवढी वर्षं होतात."

"साहेबांना म्हटलं येकदा. साहेब म्हनले, तू शिकलास तर ढकलणार कोन?"

डॉक्टरांचा मुद्दा बिनतोड होता.

"आत बसून काय म्हनायचे ठाव हाय? 'जरा जोर लाव धोंडू, पुढे उतार आहे.' दर बारीला हेच. दादर ते माहीम उतार कुठं हाय, इस्माईलभाय? मी जलमभर त्यो उतार शोधतोय."

आता गावानं त्यांना पेचात धरलं होतं. आमच्याकडे नवं वाहन घेतलं की ते देवीपुढे आणायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा. ही गाडी वर्षभर गावात असून देवीपुढे गेली नव्हती. मुंबईकर मंडळी शिमग्याला आली की थट्टा करणार, की डायवरानं गाडी दावणीला बांधली. गावकीनं सांगूनच टाकलं होतं, यंदा पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या ओट्यावर, बसेल तेव्हा धोंड्यानं गाडी चालवत आणायची. घरापासून सहाणेपर्यंतचा रस्ता म्हणजे थोडा सपाट आणि पुढे देवळापर्यंत सगळा चढ.

"माजं काय नाय हो," ते म्हणाले. "मला हसले तर हसले. पन पानवठ्यावर बायका आमच्या हिला डायवरीण म्हंतात. पंचवीस-तीस वर्सं म्हंतात. तिनं आता काय म्हनून घ्यायचं?"

त्यांच्या पत्नी सुभद्रावहिनी त्या वेळी वालाच्या शेतात गेलेल्या होत्या. मी येताना त्यांना पाहिलं होतं. उंच, काटक, बोलणं तोडून. वाटेत एका म्हातारीनं त्यांना "काय गो डायवरनी" अशी हाक मारलेली मी ऐकली होती, आणि त्यांनी मान जराशी वर करून ओ दिली होती. ती मान मला आठवली आणि मी नसत्या भानगडीत पडलो.

बेत असा ठरला. गाडी मी चालवायची, त्यांची टोपी घालून. ते डावीकडे, मुंडी खाली. काळ्या हुडातून आणि झेंडूच्या माळा सोडलेल्या पुढच्या काचेतून बाहेरच्याला दोन आकृत्यांपलीकडे काही दिसणार नाही. सहाणेवर ढोल, गुलाल, गर्दी. तेवढ्यात आत अदलाबदल करायची आणि ते उजवीकडच्या दारानं उतरणार, मी डावीकडच्या. मी हुडवाला, काम बघायला आलो होतो, एवढंच. बिरवाडीच्या एका मेस्त्रीनं येऊन इंजिन चालू करून दिलं. त्यानं जाताना एवढंच सांगितलं की चालू आहे, पण हिच्या मनावर आहे.

अदलाबदलीची तालीम आम्ही गोठ्यात केली. प्रेक्षक म्हणून म्हैस. ज्यांनी ती गाडी आतून पाहिली नाही त्यांना कल्पना यायची नाही. दोन लहान पाटांमध्ये गिअरचा दांडा, वर हुडाची कमान, आणि आम्ही दोघे पोटं सुटलेले. एकदा माझा गुडघा त्यांच्या पोटात, एकदा त्यांचं कोपर माझ्या दातांवर, आणि हॉर्न दर वेळी. पुढे पुढे जमू लागलं. मी खालून सरकायचं आणि त्यांनी वरून यायचं, या पद्धतीनं.

हुड मात्र मी असा शिवला की तसा पुन्हा शिवला नाही. दुहेरी शिवण, मेण दिलेलं, आणि प्लास्टिकवर आतून धुरकट रंगाचा हात मारलेला. सबंध आयुष्यात हा एकच हुड मी पाऊस सोडून दुसरं काही थोपवायला शिवला.

शिमग्याच्या दिवशी मी टोपी घालून बसलो. गाडी सुरू झाली, गोठ्यातून निघाली, अंगणातून गेली. पोरं ओरडत मागे. बाहेर कोणी तरी म्हणालं, "आला रे आला, डायवर आला!" शेजारी मुंडी खाली घालून बसलेल्या धोंडीरामभाऊंच्या चेहऱ्यावर त्या हाकेनं जे आलं ते मी तिरक्या नजरेनं पाहिलं. मला बरं वाटलं. सपाट रस्ता संपला, चढ लागला, वर सहाण दिसू लागली. पालखी बसलेली, ढोल चाललेले, आणि पुढे सुभद्रावहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या. नवी साडी, मान वर.

चढाच्या मध्यावर इंजिन खोकलं.

मी अजून क्लच दाबतोय, चोक ओढतोय, तेवढ्यात माझ्या डावीकडे थंड हवा लागली. वळून पाहिलं तर सीट रिकामी. धोंडीरामभाऊ उतरले होते. त्यांनी ठरवून केलं नव्हतं. त्या खोकल्याबरोबर त्यांचे पाय जन्मभर जिथे गेले होते तिथेच गेले. बाह्या वर, दोन्ही हात गाडीच्या पाठीवर, खांदा टेकलेला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला हाळी दिली, "क्लच दाबून धरा साहेब! मी ढकलतो!"

ढोल थांबले. आधी एक, मग दुसरा. गावकीचे म्हातारे पुढारी काठी टेकत खाली आले. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं.

"धोंड्या," ते म्हणाले, "तू हितं, मंग आत कोन हाय रे?"

मला टोपी काढावी लागली. माझं पूर्ण टक्कल आणि दाढी पाहून पोरं अशी हसली की एक जण खरोखर गडगडत गेला. मग मोठी माणसं हसली. मुंबईकर तर पोट धरून. धोंडीरामभाऊ गाडीवरचे हात न काढता तसेच उभे राहिले. मान गुडघ्यापर्यंत. आणि हसणाऱ्या त्या गर्दीत मुंबईच्या एका हापिसातले 'साहेब' होते, जे तिथे चहा देत असत हे मला माहीत होतं, आणि एक 'सुपरवायजर' होते, जे बिरवाडीच्या कारखान्यात गेटवर बसत असत. ते जरा जास्तच हसत होते.

सुभद्रावहिनी ताट घेऊन खाली आल्या. मला वाटलं आता काही खरं नाही. त्या नवऱ्यापुढे थांबल्या, गर्दीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आरती इझंल. हसून झालं आसंल तर लावा की रं हात सगळ्यांनी."

लोकांनी हात लावले. हलकीच ती. फुलासारखी वर गेली. नारळ फुटला, हार पडला. पण धोंडीरामभाऊ मागेच राहिले होते.

परत आल्यावर चुलीपाशी चहा करताना वहिनी मला म्हणाल्या, "तुमी उगीच शिनलात भाय. मला ठाव व्हतं."

"कधीपासून?"

"लगीन झालं त्या साली मुंबैला गेल्ये. दादरला रस्त्यात बघितलं. साहेब आत, ह्ये मागं. धापा टाकत व्हते. मी तशीच मागं फिरल्ये."

"मग बोलला नाहीत कधी?"

"गावात येताना ताठ येत व्हते ते. म्हटलं, ऱ्हाऊ दे." त्यांनी चहा गाळून कप पुढे केला. "आता नाय येनार ताठ. त्येच वाईट वाटतंय बगा."

तसंच झालं. बायका पाणवठ्यावर डायवरीण म्हणतच राहिल्या, पण आता म्हणून झाल्यावर एकमेकींकडे बघत. धोंडीरामभाऊ पारावर येईनासे झाले. गाडी पुन्हा गोठ्यात गेली. मी मात्र त्या पावसाळ्यात, दुकानात काम कमी असेल त्या दिवशी, हुडाची शिवण बघायच्या निमित्तानं कापड्याला जात राहिलो, आणि म्हशीच्या साक्षीनं इंजिन बंद ठेवून त्यांना क्लच, ब्रेक, गिअर आणि स्टेअरिंग शिकवलं. बंद गाडीत बसून त्यांनी मनातल्या मनात गोव्यापर्यंत चालवली असेल. चालू करायचं नाव काढलं की म्हणत, "कशाला आता?"

भातकापणी उरकली आणि दुकानापुढे मोठी मोटार थांबली. पन्नाशीचा एक गोरा, हसरा गृहस्थ उतरला आणि कापड्याचा रस्ता विचारू लागला. ते डॉक्टरांचे चिरंजीव. विलायतेत राहत होते, तिथल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका अंकात त्यांना बापाच्या गाडीच्या आठवणी लिहायच्या होत्या, म्हणून एकदा ती पाहायची होती. न्यायची नव्हती, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं. मी सोबत गेलो.

अंगणात निम्मं गाव जमलं. गाडी बाहेर काढली. पाहुण्यांचे डोळे भरून आले, ते खोटं नव्हतं. त्यांनी आधी काय केलं, तर माझा हुड काढून बाजूला टाकला. "बाबांनी हिच्यावर कधी छप्पर चढवलं नाही," ते म्हणाले. मी राग गिळला.

"बाबा नेहमी सांगायचे," ते बॉनेटवरून हात फिरवत बोलत होते, "की या गाडीनं आयुष्यात एकदाही दगा दिला नाही. एकदाही बंद पडली नाही. खरं ना, धोंडीराम?"

गावातलं कोणी तरी खोकलं. धोंडीरामभाऊ म्हणाले, "खरं हाय साहेब. नाय पडली."

"आणि रविवारी एकटेच निघायचे. सोबत कोणी नाही. म्हणायचे, फक्त मी आणि वारा."

धोंडीरामभाऊ जमिनीकडे बघत होते. मी त्यांना शिमग्यात हसणाऱ्या लोकांपुढे उभं राहिलेलं पाहिलं होतं, पण तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. गावानं त्यांना डायवर नाही म्हटलं होतं. इथे तर ते गाडीतच नव्हते.

"व्हय," ते शेवटी म्हणाले. "साहेब अन् वारा."

मला संताप आला. हुडाचा आधीचा थोडा शिल्लक होताच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाहुणे उजवीकडे बसले, किल्ली फिरवली, आणि गाडी चालूही झाली. खळ्यापर्यंत ऐटीत गेली. पुढे चढाच्या तोंडाशी खोकली आणि बसली. पाहुण्यांनी दोन-चारदा किल्ली फिरवली, मग हात स्टेअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले, बाप बसत असेल तसेच, मागून कोणी तरी येईल म्हणून. "आश्चर्य आहे," ते म्हणाले. "असं कधी होत नाही."

सगळ्यांची मान धोंडीरामभाऊंकडे वळली. त्यांचा उजवा पाय उचललाही गेला होता.

"साहेब," सुभद्रावहिनींचा आवाज आला. त्या चहाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. "उतरा खाली. ती मानूस उतरल्याबिगर चालत नाय."

पाहुणे गोंधळून उतरले. भला माणूस, लगेच कोट काढून बाह्या सारू लागला. "ढकलतो मी. पण स्टेअरिंग कोण धरणार?"

मी बोलणार नव्हतो. वहिनींनी ताट ओट्यावर ठेवलं, पदर खोचला, चालत जाऊन डावीकडचं दार उघडलं आणि आत बसल्या. नऊवारीचा घोळ सावरून, पाटावर बसावं तशा, मान वर. मग नवऱ्याकडे बघत राहिल्या.

धोंडीरामभाऊंनी टोपी नीट केली. वळसा घालून उजवीकडे आले. "मी धरतो," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "डायवर हाय मी."

या वेळी कोणी हसलं नाही. ते बसले. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. डावा पाय न बघता क्लचवर गेला.

पाहुण्यांनी मागे जाऊन खांदा लावला. गावातले दोघं-तिघं मदतीला निघाले, त्यांना गावकीच्या म्हाताऱ्यांनी काठी आडवी धरून थांबवलं. महागाचे बूट भाताच्या खुंटांत घसरत होते. गाडी इंचाइंचानं हलू लागली. पुढे देवळापर्यंत सगळा चढ. धोंडीरामभाऊंनी एक हात स्टेअरिंगवर ठेवून, मागे न बघता, मान जराशी बाहेर काढली.

"जरा जोर लावा साहेब," ते म्हणाले, "पुढं उतार हाय."